क्लोपिडोग्रेल चालू आणि रिपोर्टमध्ये 'इंटरमीडिएट मेटाबोलायझर': गोळी दुप्पट करायची का?

सिडको_मेडिकल
नमस्कार मंडळी. नाशिकच्याच एका 62 वर्षांच्या गृहस्थांचा रिपोर्ट समोर आहे. स्टेंट बसून पाच आठवडे झालेत. रिपोर्टवर एवढीच ओळ: 'सीवायपी2सी19, स्टार 1/स्टार 2, इंटरमीडिएट मेटाबोलायझर', म्हणजे औषधांवर काम करणारं यकृतातलं हे एंझाइम ह्यांच्यात मंद आहे. चिठ्ठीत गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल 75 आणि अ‍ॅस्पिरिन 75, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरवास्टॅटिन 40 आणि अ‍ॅसिडसाठी सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल 20. हृदयरोगतज्ज्ञांची तारीख दहा दिवसांनी आहे. घरचे विचारताहेत, क्लोपिडोग्रेल 75 ऐवजी 150 चालेल का? हे 'इंटरमीडिएट' सगळ्याच औषधांना लागू होतं का? आणि मुलाने नेटवर वाचून वडिलांची द्राक्षं बंद केलीत. पिंपळगावला घरची बाग, ऐन सीझन, त्यामुळे घरात वाद चालू आहे.

फार्मा_म्हसरूळ
दहा दिवस थांबू नका, रिपोर्ट आजच तज्ज्ञांना पाठवायला सांगा. आणि ते बदलून देईपर्यंत क्लोपिडोग्रेल एक दिवसही चुकवायची नाही. 'आपल्याला लागू पडत नाही' म्हणून परस्पर बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका कितीतरी जास्त.

आता कारण. क्लोपिडोग्रेल गिळताना निष्क्रिय असते. तिचा सुमारे 85 टक्के भाग एस्टरेज हे एंझाइम परस्पर वाया घालवतं. उरलेल्या 15 टक्क्यांतून यकृतात दोन टप्प्यांनी खरं औषध तयार होतं, आणि त्या दोन्ही टप्प्यांत सीवायपी2सी19 लागतं. स्टार 2 म्हणजे या जीनची बंद पडलेली प्रत. ह्यांची एक प्रत चालू, एक बंद. त्यामुळे औषध तयार होतं, पण कमी, आणि प्लेटलेट पुरेशा आवरल्या जात नाहीत. आपल्याकडे स्टार 2 दुर्मीळ नाही, एक प्रत असलेले लोक भरपूर सापडतात.

150 ने काम भागत नाही. स्टार 2 ची एक प्रत असलेल्यांवर डोस वाढवून पाहिलेत. नेहमीच्या 75 चा परिणाम मिळवायला रोज 225 मिलिग्रॅमपर्यंत जावं लागलं. दोन्ही प्रती स्टार 2 असतील तर 300 सुद्धा पुरे पडले नाहीत. म्हणून डॉक्टर बहुधा गोळीच बदलतात: टिकाग्रेलॉर 90 दिवसातून दोनदा, नाहीतर प्रासुग्रेल 10 एकदा. ह्या दोन्हींचं या एंझाइमवाचून अडत नाही. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल अजिबात नाही. वजन 60 किलोच्या आत असेल तर 5 चा विचार होतो, आणि 75 वर्षांपुढे सहसा टाळतात. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं वाटतं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर रुग्ण घाबरून गोळी सोडतो. बदलताना पहिला मोठा डोस द्यायचा की नाही, ते तज्ज्ञच ठरवतील.

मला ह्या चिठ्ठीत जास्त खटकलं ते ओमेप्राझोल. ते सीवायपी2सी19 ला निकामी करतं, म्हणजे जी एक प्रत चालू आहे तिलाही वेसण. 'एक सकाळी, एक रात्री' हा तोडगा काउंटरवर सर्रास सांगितला जातो, पण तो उपयोगाचा नाही. अडवलेलं एंझाइम रात्रीपर्यंत मोकळं होत नाही, नवीन तयार व्हावं लागतं. इसोमेप्राझोलचंही तेच. पॅन्टोप्राझोल 40 त्या मानाने निरुपद्रवी, तेवढा बदल डॉक्टरांना फोनवरच विचारून घ्या.

गंमत बघा, ओमेप्राझोल शरीराबाहेर घालवण्याचं कामही ह्याच एंझाइमचं. म्हणजे ह्या गृहस्थांच्या रक्तात ते जास्त वेळ राहतं आणि अ‍ॅसिड जास्त दाबतं. जीन एक, चिठ्ठी एक, आणि एक गोळी कमी पडते तर दुसरी जास्त.

जांभळी_नळी
लॅबच्या बाजूने. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची, कागद लॅमिनेट करून ठेवा. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत 2 ते 3 मिलि रक्त पुरतं. उपाशी असायची गरज नाही, चालू औषधांनी निकाल बदलत नाही. बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर मात्र रक्तातला डीएनए दात्याचा येतो आणि यकृत रुग्णाचंच राहतं, तेव्हा आधी कळवा.

स्टार 1 म्हणजे 'सगळं उत्तम' असं धरू नका. लॅबने जेवढे बदल शोधले त्यातला एकही सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही पॅनेलमध्ये फक्त स्टार 2 आणि स्टार 3 असतात, एंझाइम वाढवणारा स्टार 17 नसतो. कोणते बदल तपासले ती यादी रिपोर्टच्या तळाशी असायला हवी. तुम्हाला एकच ओळ मिळाली असेल तर पूर्ण रिपोर्ट मागून घ्या.

आणखी एक: 2सी19 आणि 2सी9 मधला '1' नीट वाचा. 2सी9 वेगळा जीन, तो वॉरफेरिन आणि अ‍ॅसेनोकुमारॉल ह्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठी बघतात. तिथे एंझाइम मंद असेल तर औषध साचतं आणि रक्तस्रावाची भीती. म्हणजे क्लोपिडोग्रेलच्या नेमकं उलट. एक आकडा निसटला की सल्ला उफराटा.

सुरगाणा_ओपीडी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर अर्धं आलंच आहे: नाही, प्रत्येक औषधाचा जीन वेगळा. पेठ-सुरगाण्याकडे कामाला येतो तो जी6पीडी, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एंझाइमचा जीन. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विन किलोमागे 0.25 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस. जी6पीडी कमी असेल तर ह्याच डोसने तांबड्या पेशी फुटतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले की गोळी तिथेच थांबवायची आणि हिमोग्लोबिन बघायचं. अशांना किलोमागे 0.75 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, तेही देखरेखीत.

तपासणी करताना एक चूक वारंवार होते. पेशी फुटल्यावर लगेच नमुना घेतला तर निकाल खोटा नॉर्मल येतो, कारण कमी एंझाइमच्या जुन्या पेशी आधी मरतात आणि उरतात त्या ताज्या. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करा. जीन एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत 'आहे किंवा नाही' असं सरळ कळतं. बायकांत मधली पातळी असते आणि साध्या रंग बदलणाऱ्या चाचणीत ती निसटते.

सिडको_मेडिकल
मंडळी, आभार. तज्ज्ञांना रिपोर्ट पाठवायला सांगितलंय, ओमेप्राझोलचंही विचारायला सांगितलं. द्राक्षांचं राहिलं.

फार्मा_म्हसरूळ
इंग्रजी नावाने केलेला घोळ आहे तो. नेटवर लिहिलंय ते ग्रेपफ्रुटबद्दल. ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं, आपल्या पपनसाच्या संकरातून आलेलं. त्यातली फ्युरानोकुमारिन्स ही रसायनं आतड्यातल्या सीवायपी3ए4 ह्या दुसऱ्या एंझाइमला अडवतात आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन रक्तात वाढतं. म्हणून स्टॅटिन चालू आहे तोवर पपनसाला हात आखडता. द्राक्षाचा ह्याच्याशी संबंध नाही. थॉमसन असो की सोनाका, खाऊ द्या. मधुमेह असेल तर वाटीचा हिशेब वेगळा, पण तो साखरेसाठी.