रोहितांचं जेवणघर राखलं, झोपायची खोली विकायला काढली!

तर्रीवाला
नवी मुंबईत नेरुळला भावाकडे गेलो होतो. रोहित (फ्लेमिंगो) दाखवतो म्हणून त्यानं तळ्यावर नेलं. दिसलं काय, तर शेवाळ अन् दोन कुत्री. भरतीचं पाणी आत यायची वाटच बुजली, असं तिथं फिरायला येणारे सांगत होते.

ठाणे खाडीत २०१५ पासून रोहितांचं अभयारण्य आहे, २०२२ ला ते रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेलं. पण पक्षी ओहोटीला खाडीच्या चिखलात खातो. भरतीत चिखल बुडाला की त्याला टेकायला ही आतली तळी लागतात. माझं म्हणणं एवढंच, की तळीही अभयारण्यात धरा. एक वीतही बुजवू नका.

हिंगणा_शिफ्ट
काऊन बाप्पा, नागपुरात बसून समुद्राचं टेन्शन? अटल सेतूच्या वेळीही हीच रड होती, शिवडीचे रोहित जातील म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये पूल सुरू झाला, पक्षी अजून येतातच. पालघरकडे वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होतंय, विदर्भाचा माल तिथूनच जाईल ना? अन् झाडं तोडली तर बदल्यात कांदळवन लावतातच की.

तर्रीवाला
इथंच घोळ आहे राजेहो. रोहिताला मोकळा चिखल लागतो. त्यावर कांदळवन दाटलं तर उतरायचं कुठं? पुलाचं मान्य, तिथं आवाज अडवायला पडदे लावले. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

फुटाळा_संध्याकाळ
दोघांनीही आधी घरचं पाहा. २३ सप्टेंबर २०२३ ला आपला अंबाझरी तलाव ओसंडला, लोकांच्या घरात पाणी शिरलं. पाण्याची जागा अडवली की काय होतं हे समजायला नेरुळला जावं लागत नाही.

जुना_धंतोलीकर
मी उलट बोलतो. समुद्र चढतोच आहे. आज वाचवलेला चिखल उद्या बुडणारच, तर त्यावर पैसा कशाला?

तर्रीवाला
काका, मागे जागा असली तर पाणी चढेल तसा चिखल अन् कांदळवनही जमिनीकडे सरकतं. पाठीशी भिंत अन् टॉवर असले की दोन्हीकडून दाबलं जातं, मग बुडतं. म्हणून तर मागची जागा मोकळी ठेवा म्हणतोय.

हिंगणा_शिफ्ट
त्या मागच्या जागेचा मुंबईतला भाव माहीत आहे का? तेवढ्यात कितीक लोकांची घरं होतील. पक्ष्यांना पंख आहेत, माणसाला ईएमआय.

तर्रीवाला
पंख आहेत म्हणूनच मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून चाळीसेक रोहित मेले. तळ्यांवरून हुसकले म्हणून त्या वाटेनं गेले असं काही जण म्हणतात. मी ते छातीठोक सांगणार नाही. घराचं तुमचं खरं आहे, पण तिथं स्वस्त घरं कोण बांधतं, सांगा बरं.

अन् 'नागपुरात बसून' म्हणाल, तर खाडीवर दिसतो तो टिलवा (चिखलातला छोटा पक्षी) हिवाळ्यात आपल्या तलावांच्या काठीही चिखल टोचतो. रविवारी पहाटे उमरेडकडे निघतोय. हिंगणावाले, दुर्बीण देतो, या.

हिंगणा_शिफ्ट
पोहे तुमच्याकडून असतील तर येतो. मत बदलणार नाही.