मातीतले गंजाचे ठिपके: पाणी आत्ता साचतं की पूर्वी साचायचं?

मदत हवी आहे. उताराच्या पायथ्याशी खड्डा खणला. वर तपकिरी माती, दीड फुटाखाली राखाडी, आणि तिच्यात जुन्या मुळांच्या वाटांलगत तांबूस ठिपके. पाणी साचून मातीत हवा पोचेनाशी झाली की तिच्यातलं लोह विरघळतं आणि माती राखाडी पडते. मुळांच्या पोकळीतून हवा शिरते तिथे ते पुन्हा गंजतं, इथवर कळतं. पण हे ठिपके आजचे की जुन्या काळचे? पुसट कडा म्हणजे प्रक्रिया चालू, ठसठशीत म्हणजे बहुधा जुनी खूण, असं म्हणतात. माझ्याकडे दोन्ही आहेत! उताराच्या मध्यावर मात्र ठिपके नाहीतच, नुसते चुनखडीचे खडे.

पायथ्याचं पाणी वरून मुरतं की उतारावरून आतल्या आत झिरपत येतं, हे कसं ओळखायचं? छिद्रांची नळी पुरून आतल्या पाण्याची पातळी बघायची तर किती खोल?