एसी घ्यावा की कूलरवरच उन्हाळा काढावा? (भुसावळ)

तापीकाठ: नमस्कार मंडळी. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की रात्री अकरालासुद्धा भिंत तापलेली असते. आई-वडील सत्तरीपुढचे. मुलगा म्हणतो एसी घ्या. एसी घेण्याइतके पैसे आहेत, धास्ती आहे ती दर महिन्याच्या बिलाची. काय करावं?

यावलची_सून: दादा, आधी गच्ची बघा. सासरचं जुनं घर धाब्याचं, वर मातीचा जाड थर, तिथे दुपारी पंख्यावर भागतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. मार्चमध्येच चुन्याचे दोन हात मारून घ्या, चुन्यात थोडं फेविकॉल घाला म्हणजे टिकतो.

वायंडिंगवाला: भाऊ, कागदावर मांडून बघा. कूलर दीड-दोनशे वॅटचा, दहा तास चालला तरी दोन युनिट. दीड टनाचा एसी आपल्या उन्हात आठ तासांत दहा युनिट सहज ओढतो, म्हणजे महिन्याला तीनशे. खरी गोम पुढेच आहे. घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटार धरून तुम्ही आधीच दोनशेच्या आसपास असाल, तर एसीची बरीचशी युनिटं वरच्या, महाग टप्प्यात पडतील. सरासरी दर धरून हिशोब करू नका.

आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर छान चालतो. पण लोक तो खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात, मग नुसता दमटपणा साचतो. कूलर खिडकीबाहेर बसवा, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गवत दरवर्षी नवं टाका, बोअरच्या पाण्याचे क्षार बसून ते कडक होतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करा, डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

केळीवाला_रावेर: हे सगळं मेपर्यंत ठीक. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की कूलर काही कामाचा नाही. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांचा जीव कासावीस होतो, तिथे बिल बघू नका. त्यांच्या खोलीपुरता एक टनाचा घ्या, २६ वर ठेवा, सोबत पंखा लावा. बाकी घराला कूलर.

तापीकाठ: पटलं. चुना यंदाच मारतो, आई-वडिलांच्या खोलीत एक टनाचा बसवतो. हॉलचा कूलर पश्चिमेच्या खिडकीत लावू की उत्तरेच्या?

वायंडिंगवाला: उत्तरेच्या. पश्चिमेला दुपारनंतर ऊन थेट गवतावर येतं. आणि दक्षिणेची खिडकी उघडी ठेवा, हवेला बाहेर जायला वाट पाहिजे.