कावळा नुसता काळा रंगवू नका

ॲनिमेशनमध्ये कावळा म्हणजे मरण, एवढंच पुरे, असं काहींना वाटतं. आपल्याकडे नाही पुरत. पैठणला गोदाकाठी पिंडाजवळ त्याची वाट बघतात, आणि पैठणजवळच्याच आपेगावचे ज्ञानेश्वर 'पैल तो गे काऊ कोकताहे' म्हणत त्याच्याकडून शकुन ऐकतात. त्याला खलनायक केलं की पिंडाचा प्रसंग फसलाच.

पहिली चूक पक्षी निवडताना होते. पिंडाला येतो तो बहुतेक गावकावळा: मान नि छाती राखाडी. सबंध काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा. मान राखाडी ठेवली की काळ्या अंगावरही डोकं कुठं वळलं ते दिसतं, नाहीतर नुसता डाग.

डोळ्याचं तर सोनं करता येतं. रामायणात सीतेला चोच मारणाऱ्या कावळ्यावर रामानं दर्भाची काडी सोडली, त्याचा उजवा डोळा गेला. (पिंडाला कावळा शिवला नाही तर त्याच दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, ही गंमत बघा.) त्याचं एकच बुबुळ दोन्ही डोळ्यांत फिरतं अशी जुनी समजूत, त्यावरूनच काकाक्षिगोलक न्याय हा संस्कृत दाखला. खरं कारण साधं आहे: डोळे बाजूंना, म्हणून तो मान कलती करून एका डोळ्यानं निरखतो. आधी मान कलती, मग थांबा, मग दोन पावलं, मग एक तिरकी उडी. थांबा गाळला की कोंबडी वाटते.

पंखांचं गणित: सेकंदाला चार फडके धरले तर सेकंदाच्या 24 फ्रेममध्ये एका फडक्याला 6 फ्रेम. दोन-दोन फ्रेम एकच चित्र ठेवलं तर तीनच चित्रं उरतात, उडणं अडखळतं. तेवढ्यापुरतं प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढा.