मदत हवी आहे: विलार्ड मॅकचं काम कुठे बघायला मिळेल?

मंडळी, विलार्ड मॅकबद्दल कोणी वाचलंय का? मूळचा कॅनडाचा, ब्रॉडवेवर नट आणि नाटककार म्हणून नाव कमावलं, १९१७ चं 'टायगर रोझ' हे नाटक त्याचंच, आणि १९२६ मध्ये 'द नूज' बसवताना कोरसमधल्या रुबी स्टीव्हन्सचा छोटासा रोल त्याने वाढवून दिला, तीच पुढे हॉलिवूडची प्रसिद्ध नटी बार्बरा स्टॅनविक! बोलपट आल्यावर हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा 'व्हॉइस ऑफ द सिटी' (१९२९) त्यानेच लिहिला, डिरेक्ट केला आणि त्यात कामही केलं. असा माणूस इतका मागे पडला याचं खरंच वाईट वाटतं. हा पिक्चर किंवा त्याच्या नाटकांच्या संहिता ऑनलाइन कुठे मिळतील का? प्रिंट खराब असली तरी चालेल, लिंक असेल तर प्लीज टाका.