डुकराच्या जबड्याखालच्या ग्रंथी चिरून पाहणं बंद करावं का?

कळपवैद्य (धागाकर्ता)
कत्तलखान्यात प्रत्येक डुकराच्या जबड्याखालच्या लसीका ग्रंथी सुरीने चिरून पाहायच्या, ही पद्धत गाईगुरांत क्षय बोकाळलेला होता त्या काळातली. दुधाच्या कारखान्यातलं मलई काढलेलं कच्चं दूध डुकरांना पाजलं जायचं आणि त्यातून मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, म्हणजे गुरांच्या क्षयाचा जंतू, त्यांच्यात शिरायचा. त्याच्या गाठी आधी जबड्याखाली आणि आतड्यालगत दिसतात, म्हणून सुरी तिथे.

युरोपीय संघाने जून 2014 पासून डुकरांची ही सरसकट चिरफाड थांबवली. आता नजरेने तपासणी, आणि शंका आली तरच चीर. माझ्या मते हे योग्य झालं. जिथे गुरांतला क्षय आटोक्यात आहे, तिथे आज त्या गाठींत बहुतेक वेळा सापडतो तो बोव्हिसच्याच कुळातल्या मायकोबॅक्टेरियम एव्हियम या जंतूचा होमिनिस्युईस हा उपप्रकार. तो माती, पाणी आणि अंथरुणातून येतो. ऱ्होडोकॉकस इक्वी नावाचा वेगळाच जंतूही हुबेहूब तशाच गाठी करतो. नुसत्या डोळ्यांनी हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. वर टॉन्सिलमधला साल्मोनेला आणि यर्सिनिया, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू, सुरीला लागून पुढच्या डुकरावर जातो. एका रोगाचा शोध घेता घेता आपण दुसरे दोन पसरवतो.

सुरी_आणि_शिक्का
असहमत, आणि ठामपणे असहमत. क्षयाची लागण झालेलं डुक्कर बहुतेक वेळा धडधाकट दिसतं. खातं, वाढतं, वजन घेतं. रोग असतो तो गाठीच्या आत. मग "शंका आली तरच चीर" यातली शंका येणार कुठून?

दुसरं म्हणजे, डुकरात बोव्हिस सापडला की आसपासच्या गुरांत किंवा रानडुकरांत तो फिरतोय हे कळतं. स्पेनमध्ये रानडुक्करच या जंतूचा साठा होऊन बसलंय. ब्रिटनमध्ये बॅजर, न्यूझीलंडमध्ये पॉसम हे रानटी प्राणी. रोग गेला असं वाटतं आणि तो जंगलातून परत येतो. 1901 साली लंडनच्या परिषदेत क्षयाचा जंतू शोधणाऱ्या खुद्द रॉबर्ट कॉख यांनी गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही असं सांगितलं होतं. ते खोडून काढायला ब्रिटिश शाही आयोगाला 1911 साल उजाडलं. तोवर मुलं कच्चं दूध पीतच होती. आता पाहायची गरज नाही असं कोणी म्हणालं की मला हाच इतिहास आठवतो.

कळपवैद्य
@सुरी_आणि_शिक्का शंका रक्तातून येते. नेदरलँड्समध्ये कत्तलीच्या वेळी घेतलेल्या रक्तात एव्हियमविरोधी प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधून कळपाची जोखीम ठरवतात. एकेका डोक्यापेक्षा अख्ख्या कळपाबद्दल जास्त कळतं.

पिल्लांची_आई
दोघेही कत्तलखान्यातच अडकलात. मी डुकरं पाळते, माझ्या बाजूने बघा.

गाठ सापडली की डोकं बाद. एकाहून जास्त ठिकाणी सापडल्या तर अख्खं जनावर बाद. माझ्या हातात येतो तो "क्षयसदृश गाठी" एवढा शेरा. कोणता जंतू, कुठून आला, काहीच नाही. मी कळप विकून टाकू, अंथरूण बदलू की पाण्याचे नळ खरवडू?

पिल्लांना पोटासाठी चांगलं म्हणून पीट, म्हणजे दलदलीतली कुजकी माती, द्यायची पद्धत काही देशांत पडली आणि त्याच मातीतून अख्ख्या कळपांत एव्हियम शिरला. लाकडाच्या भुशाचंही तेच. पाण्याच्या नळ्यांत आतून बुळबुळीत थर धरतो, त्यात हा जंतू वर्षानुवर्षं टिकतो. क्लोरीनला तर तो सहज दाद देत नाही. हे आम्हाला सांगतं कोण? चीर द्या नाहीतर रक्त काढा, पण निकाल जंतूच्या नावासकट माझ्यापर्यंत पोचवा.

सावकाश_वाढणारा
प्रयोगशाळेतून बोलतो. @कळपवैद्य, तुमच्या युक्तिवादात एक मोठं भोक आहे. ती रक्ततपासणी एव्हियमची आहे. सुरी ठेवली होती बोव्हिससाठी. रक्त स्वच्छ आलं म्हणून बोव्हिस नाही असं म्हणता येत नाही. तिथे भिस्त आहे ती गुरं क्षयमुक्त असण्यावर, आणि हे उघड बोललं पाहिजे.

@सुरी_आणि_शिक्का, तुमच्या सुरीचंही तेच. गाठ दिसत नसलेल्या ग्रंथीतूनही आम्ही एव्हियम वाढवतो, फक्त त्याला आठवडे लागतात. तोवर मांस कधीच बाहेर पडलेलं असतं. बरं, माणसाला हा जंतू डुकराच्या मांसातून लागतो असंही खात्रीने म्हणता येत नाही. माणसातले आणि डुकरातले प्रकार पुष्कळदा जनुकीयदृष्ट्या जवळचे निघतात, पण दोघांनाही एकाच पाण्या-मातीतून लागण होत असू शकते. नीट शिजवलेल्या मांसात तो मरतो. खरी काळजी एचआयव्ही झालेल्यांची आणि मानेला गाठी येणाऱ्या लहान मुलांची.

गोठ्यातून
डुकरांच्या एव्हियमला किरकोळ समजू नका. गाईच्या अंगात तो गेला की ट्युबरक्युलिन चाचणी, म्हणजे जंतूचा अर्क कातडीत टोचून सूज बघायची क्षयाची चाचणी, गोंधळते. म्हणून मानेवर गुरांचं आणि पक्ष्यांचं अशी दोन ट्युबरक्युलिन टोचून 72 तासांनी दोन्ही सुजा मोजाव्या लागतात. जोन्स रोगाचा, म्हणजे गुरांच्या आतड्याच्या जुनाट रोगाचा, जंतूही याच एव्हियम घराण्यातला, त्यानेही निकाल हलतो. डुकरं आणि गाई एकाच आवारात असतील तर डुकरांचा निकाल गोठ्यापर्यंत यायलाच हवा.

सुरी_आणि_शिक्का
साल्मोनेलाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी दोन सुऱ्या आळीपाळीने 82 अंशांच्या पाण्यात बुडवायची सोय आहे. ती नीट पाळली जात नसेल तर ती पाळायला लावा. शिवाय त्याच युरोपात मोठ्या गुरांच्या ग्रंथी अजून चिरूनच पाहतात. तिथे सुरी विश्वासू आणि डुकरात निरुपयोगी, हे पटत नाही.

कळपवैद्य
@सावकाश_वाढणारा, रक्ततपासणी बोव्हिसचं उत्तर देत नाही, हे बरोबर. म्हणून माझी मागणी अशी: बंद शेडमधल्या, क्षयमुक्त गुरांच्या भागातल्या कळपांना चीर नको. उघड्यावर चरणाऱ्या, रानडुकरांचा वावर असलेल्या कळपांना चीर राहू दे, आणि सापडलेली प्रत्येक गाठ जंतूची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळेत जाऊ दे.

पिल्लांची_आई
आणि त्या प्रयोगशाळेचा खर्च? तो पाळणाऱ्याच्या माथी मारलात तर गाठ दिसलेलं जनावर कोणी दाखवणारच नाही.