पीएचपीचे शॉर्ट टॅग बदलायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची मराठी-कन्नड साइट मी सांभाळतो. कोड जुना, पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतला. गेल्या आठवड्यात होस्टिंग बदललं आणि पुस्तकांच्या यादीऐवजी पानावर कोडच दिसायला लागला, डेटाबेसच्या पासवर्डासकट! साइट लगेच बंद केली, पासवर्ड बदलला.

कारण सापडलं. फाइलींत सगळीकडे कोड जिथे सुरू होतो तिथे <?php या पूर्ण टॅगमधली 'पीएचपी' ही अक्षरं गाळून नुसता शॉर्ट टॅग (<?) लिहिलाय आणि नव्या सर्व्हरवर तो बंद आहे. बरोबरचिन्हाचा टॅग (<?=) तेवढा चालतो, कारण पीएचपी 5.4 पासून तो कायम सुरूच असतो.

सेटिंग सुरू करून आजचं भागेल. पण उद्या पुन्हा सर्व्हर बदलला तर? तीन अक्षरं वाचवायला एवढी जोखीम मला नको, म्हणून पूर्ण टॅगच घालायचेत.

अडचण अशी की सरसकट फाइंड-रिप्लेस केलं तर बरोबरचिन्हाचे टॅग बिघडतील. शिवाय आरएसएस फीडची (साइटवरच्या नव्या नोंदींच्या यादीची) एक्सएमएलची पहिली ओळ, जी <?xml ने सुरू होते, ती इको करून छापलीय, तीही मोडेल. रेग्युलर एक्स्प्रेशनपेक्षा (मजकुराचा नमुना देऊन शोधण्यापेक्षा) पीएचपीचा टोकनायझर, म्हणजे कोडचे सुटे घटक ओळखून देणारी सोय, बरा पडेल का? कुणी हे केलं असेल तर कसं केलं, सांगा प्लीज. बेळगाव, निपाणीकडचं कुणी असेल तर लॅपटॉप घेऊन येतो.